‘लेकरू खात नाही’ : सूरजागडचा डोंगर, शिकागोचे बालगृह आणि एका तक्रारीचा इतिहास

१/२६
गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचे नाव आज बहुधा लोहखनिजाच्या बातम्यांत वाचायला मिळते. आसपासच्या गावांतील माडिया गोंडांसाठी मात्र तो ठाकूरदेवाचा डोंगर आहे. दर जानेवारीत तेथे यात्रा भरते. या परिसरातील अंगणवाडीत आणि पुण्या-मुंबईच्या बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात एक वाक्य सारखेच ऐकू येते : ‘लेकरू खात नाही.’ शब्द तेच, अर्थ मात्र फार वेगळे. या वाक्याचा इतिहास सांगणारा हा थ्रेड.

२/२६
मूल ताटाकडे पाठ फिरवते तेव्हा तीन निदाने शक्य असतात. त्याचा नखरा आहे. ते आजारी आहे. किंवा समोर आलेले अन्नच त्याच्या कामाचे नाही. यांपैकी कोणते खरे, हे ठरवण्याचा अधिकार इतिहासात वेगवेगळ्या लोकांकडे गेला : घरातील आजीकडे, वैद्याकडे, डॉक्टरकडे, सरकारी योजनेकडे. निदान चुकले की त्याची किंमत मूल मोजते. खात्यापित्या घरात ही किंमत रोजच्या रडारडीपुरती असते. जंगलपट्ट्यात ती जिवाची असू शकते.

३/२६
आरंभ जुन्या वैद्यकापासून. सुश्रुतसंहिता बाळाच्या उष्टावणासाठी सहावा महिना सांगते. काश्यपसंहिता हा बालरोगांवरचा ग्रंथ सहाव्या महिन्यात फळांचा रस-गर आणि दहाव्या महिन्यात अन्न, असा क्रम देतो. या ग्रंथाची खंडित पोथी नेपाळमध्ये सापडली व १९३८ मध्ये छापून प्रसिद्ध झाली. त्यात ‘फक्क’ नावाच्या रोगाचे वर्णन आहे : वर्षाचे होऊनही न चालणारे, वाळत गेलेले मूल. त्याचा एक प्रकार ‘गर्भज’. म्हणजे अंगावर पिणाऱ्या मुलाची आई पुन्हा गरोदर राहिल्यामुळे होणारा. हा प्रकार लक्षात ठेवावा. पुढे त्याची आफ्रिकेत पुन्हा गाठ पडणार आहे.

४/२६
मराठी घरांत याच तक्रारीला दुसरे उत्तर होते : दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या उतरवल्या जात, चिऊ-काऊचे घास भरवले जात, बाळगुटी उगाळली जात असे. दृष्ट काढल्याने आजार बरा होत नाही, हे उघड आहे; त्यात उपचाराला उशीर झाला तर धोकाही होता. तरीही या समजुतीत एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. ती आईला दोष देत नाही आणि मुलालाही हट्टी ठरवत नाही. दोष बाहेरच्या कोणाच्या तरी नजरेचा. आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे काम आधुनिक काळाने केले.

५/२६
१८९४ साली अमेरिकन बालरोगतज्ज्ञ एमेट होल्ट यांची बालसंगोपनावरची प्रश्नोत्तरी प्रसिद्ध झाली. न्यूझीलंडमध्ये १९०७ पासून ट्रूबी किंग यांची चळवळ उभी राहिली. दोघांचा भर घड्याळावर होता : ठरलेली वेळ, ठरलेले माप, ठरलेले वजन. १९२० च्या दशकात ब्रिटिश हिंदुस्थानातही ‘बेबी वीक’ साजरे होऊ लागले. गुटगुटीत बाळांना बक्षिसे आणि मातांना उपदेश, असे त्यांचे स्वरूप असे. बालमृत्यूचे कारण गरिबी, दुष्काळ, साथी यांत शोधण्यापेक्षा आईच्या अज्ञानात शोधणे प्रशासनाला सोयीचे होते. ही सोय पुढे फार काळ टिकली.

६/२६
मापाचा हट्ट घराघरांत पोहोचला आणि त्याचे उलटे परिणाम दिसू लागले. शिकागोचे बालरोगतज्ज्ञ जोसेफ ब्रेनेमन यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याच व्यवसायाला खडे बोल सुनावले. डॉक्टर कागदावर आहार लिहून देतात, आई तो घशाखाली उतरवण्यासाठी आटापिटा करते आणि जेवणाची वेळ म्हणजे लढाई होऊन बसते, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यांच्या दवाखान्यात येणारी बरीचशी ‘न खाणारी’ मुले निरोगी होती. त्यांच्या तक्रारीचे मूळ ताटात कमी आणि ताटाभोवतीच्या दडपणात अधिक होते.

७/२६
याच सुमारास क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी एक विलक्षण प्रयोग केला. १९२६ मध्ये क्लीव्हलंडला सुरू झालेला हा प्रयोग पुढे शिकागोत चालला. नुकतीच अंगावरून तुटलेली एकूण १५ बाळे. ३४ खाद्यपदार्थांची यादी. त्यातले निवडक पदार्थ प्रत्येक जेवणाला वेगवेगळ्या भांड्यांत समोर ठेवलेले : धान्य, मांस, अंडी, दूध, फळे, भाज्या. परिचारिकेने काहीही सुचवायचे नाही, आग्रह करायचा नाही. बाळाने हात पुढे केला तरच चमचा भरायचा. काय खावे आणि किती, हे बाळाने ठरवायचे.

८/२६
मुलांचे एकेक जेवण चमत्कारिक दिसे. एखादे मूल काही दिवस एकाच पदार्थाच्या मागे लागे, मग त्याकडे ढुंकूनही पाहत नसे. तरी महिन्यांचा हिशेब मांडला तेव्हा सर्वांची वाढ चांगली झालेली आढळली. मुडदूस असलेल्या एका बाळासमोर कॉड माशाचे तेल ठेवले होते. ते त्याने स्वतःहून घेतले आणि बरे झाल्यावर सोडून दिले. १९३९ मध्ये निष्कर्ष मांडताना डेव्हिस यांनी प्रयोगातली ‘युक्ती’ही सांगितली : यादीत साखर नव्हती, गाळलेले-भरडलेले कारखानी अन्न नव्हते. मूल शहाणे ठरले, कारण त्याच्यासमोर आलेली प्रत्येक वस्तू खाण्याजोगी होती.

९/२६
१९४६ मध्ये बेंजामिन स्पॉक यांच्या गाजलेल्या पुस्तकाने हा विचार लाखो घरांत नेला : मुलाच्या भुकेवर विश्वास ठेवा. पुढच्या संशोधनाने त्याला पाया दिला. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोने वाढते. वाढ मंदावली की भूकही कमी होते. दोन ते सहा या वयात नव्या पदार्थाची धास्ती स्वाभाविकच असते. १९८० च्या दशकात लिअन बर्च यांनी दाखवले की, तोच पदार्थ दडपण न आणता पुनःपुन्हा, कधी दहा-पंधरा वेळा समोर आला की मूल तो स्वीकारू लागते.

१०/२६
म्हणजे निरोगी मुलाच्या बाबतीत डॉक्टरांचे मत अर्ध्या शतकात पूर्ण फिरले : ‘मोजून भरवा’ येथून ‘ठेवा आणि वाट पाहा’ येथवर. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी याची वाटणीच करून दिली. काय, केव्हा आणि कोठे वाढायचे ते पालकाने ठरवावे. खायचे की नाही आणि किती, ते मुलाने. हा सल्ला आजही दिला जातो. परंतु त्यात एक गृहीत लपलेले आहे : पालकाजवळ ‘काय’ आणि ‘केव्हा’ ठरवण्याइतके अन्न आणि वेळ आहे. हे गृहीत जेथे कोसळते, तेथून इतिहासाची दुसरी शाखा सुरू होते.

११/२६
ही शाखा गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये उगवली. सिसली विल्यम्स या ब्रिटिश डॉक्टर तेथे काम करीत होत्या. सूज आलेली, त्वचा सोलवटलेली, कशातच रस न घेणारी, अन्न नाकारणारी दोन-तीन वर्षांची मुले त्यांच्याकडे येत. १९३३ मध्ये त्यांनी या रोगाचे वर्णन केले आणि १९३५ मध्ये त्याचे नाव वैद्यकाला दिले : क्वाशिओरकर. हे नाव त्यांनी स्वतः घडवलेले नव्हते. ते तेथील गा भाषिक स्त्रियांचे होते. अर्थ : धाकटे भावंड आल्यामुळे आईजवळची जागा गमावलेल्या मुलाचा आजार.

१२/२६
काश्यपसंहितेतील ‘गर्भज फक्क’ येथे आठवावा. दोन खंड, दोन काळ. निरीक्षण जवळजवळ एकच. विल्यम्स यांचे वेगळेपण असे की, मातांच्या शब्दाला त्यांनी अंधश्रद्धा न मानता पुरावा मानले. पुढे वैद्यकाला हेही कळले की तीव्र कुपोषणात भूक वाढत नाही, उलट मरते. जंतुसंसर्ग, जस्तासारख्या घटकांची कमतरता, मंदावलेले पचन यांमुळे मूल अन्न नाकारू लागते. जितकी उपासमार जुनी, तितका नकार ठाम. अशा मुलाला ‘नखरेल’ म्हणणे हे निदान नव्हे, दिशाभूल आहे.

१३/२६
आता पुन्हा सूरजागडकडे. भात, कोसरीसारखे बारीक धान्य, आंबील, रानभाज्या, कंदमुळे, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, मासे, खेकडे, लाल मुंग्यांची चटणी, मोहफुले : माडियांच्या ताटाचे हे परंपरागत रूप. पदार्थांची संख्या पाहिली तर डेव्हिसबाईंच्या यादीलाही ते मागे सारील. या अन्नाला नियमही आहेत. ‘पंडुम’ या सणांपूर्वी हंगामाचे नवे पीक वा फळ खाल्ले जात नाही. काय खावे आणि केव्हा, हे येथे एकट्या आईने ठरवायचे नसते. त्यात गाव, ऋतू आणि देव यांचाही वाटा असतो.

१४/२६
मग कुपोषण का? पहिले कारण ऋतूचे. पावसाळ्यात घरातील धान्य तळाशी जाते, आणि शेतीच्या कामाचे व हिवतापाचे दिवसही तेच असतात. दुसरे कारण वेळेचे. मोह वेचण्याच्या दिवसांत आई पहाटेच रानात जाते; लहानगे मोठ्या भावंडांवर सोपवले जाते. दोन-तीन तासांनी थोडे-थोडे भरवायला घरात मोठे माणूसच नसते. तिसरे कारण जंगलावरचा हक्क आक्रसण्याचे : राखीव वने, ठेकेदारी आणि आता खाणी. ताटातील विविधता जंगलातून येत होती. जंगल दूर गेले की ताटात उरतो तो भात.

१५/२६
चौथे कारण निव्वळ गणिताचे आहे. बाळाच्या पोटाची क्षमता दर किलो वजनामागे सुमारे ३० मिलिलीटर. म्हणजे ८ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी सुमारे २४० मिलिलीटर मावते. २० ग्रॅम तांदळाची पातळ पेज तेवढी जागा भरते, पण देते सुमारे ७० किलोकॅलरी. अंगावर पिणाऱ्या एक ते दोन वर्षांच्या मुलाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे ५५० किलोकॅलरी लागतात. म्हणजे अशा आठ वाट्या. दोन वाट्यांनंतर मूल तोंड फिरवते. आई म्हणते, ‘खात नाही.’ तिचे खरेच असते : पोट पाण्याने भरलेले आहे, भूक शरीरात तशीच आहे.

१६/२६
या प्रश्नावर जागतिक वाद घालणारा एक मराठी माणूस होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख. दुसऱ्या महायुद्धानंतर पोषणतज्ज्ञांचा सारा भर प्रथिनांवर होता. गरीब देशांतील मुलांसाठी प्रथिनयुक्त चूर्णे बनत होती. सुखात्मे यांनी दाखवले की, गरिबांच्या आहारात मूळ तुटवडा एकूण अन्नाचा, म्हणजे ऊर्जेचा आहे. पुरेसे नेहमीचे जेवण मिळाले तर प्रथिनेही बहुतांशी भागतात. १९७० च्या दशकात जगाचे मत या दिशेने वळले.

१७/२६
चूर्णांचा मोह मात्र सुटला नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी खेडोपाडी गेली. तिच्याबरोबर पूरक आहारही गेला : कोठे ताजी खिचडी-उसळ, तर तीन वर्षांखालील मुलांसाठी घरी न्यायची शिरा, सुकडी, उपमा यांची पाकिटे. राज्याच्या अनेक भागांतून तक्रारी आल्या की मुले ते खात नाहीत, पाकिटे जनावरांपुढे जातात. कार्यालयीन भाषेत याचे नाव ‘मातांमध्ये जागृतीचा अभाव’. त्याच चवीचे पीठ प्रौढाने तरी रोज किती दिवस खाल्ले असते, हे क्वचितच विचारले गेले.

१८/२६
हा वाद न्यायालयात पोहोचला. ७ ऑक्टोबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नेमू नयेत. गावपातळीवरील मंडळे, बचत गट यांच्याकडे हे काम द्यावे. महाराष्ट्रातील मोठ्या कंत्राटांचा तंटा पुढेही चालला आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निविदा प्रक्रिया रद्द ठरवली. दरम्यान २०१५ पासून अनुसूचित क्षेत्रांत अमृत आहार योजना आली : गरोदर व स्तनदा मातांना शिजवलेले पूर्ण जेवण, नंतरच्या टप्प्यात मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळी. पाकिटापासून ताटाकडे झालेला हा प्रवास मुलांच्या नकाराने घडवून आणला, असे म्हणणे अवाजवी होणार नाही.

१९/२६
दुधाचे उदाहरण आणखी बोलके आहे. तीव्र कुपोषित मुलांसाठी रुग्णालयांत वापरली जाणारी एफ-७५ आणि एफ-१०० ही जागतिक सूत्रे दुधावर आधारलेली आहेत. माडियांमध्ये गाईचे दूध काढून पिण्याची परंपरा नव्हती. ते वासराचे, अशी धारणा. आईचे दूध सोडून दुसरे दूध कधी चाखलेच नाही अशा मुलाने परक्या खोलीत, परक्या भाषेत बोलणाऱ्या बाईच्या हातून ते लगेच घेतले नाही, तर त्यात नवल कसले? शहरातील मुलाला नवा पदार्थ दहा-पंधरा वेळा दाखवण्याची सवलत मिळते. जंगलातील मुलाचा पहिलाच नकार कागदावर चढतो.

२०/२६
या इतिहासातले निर्णायक वळण गडचिरोलीतच आले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून हा जिल्हा वेगळा झाला. १९८६ च्या सुमारास डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी येथे ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. प्रश्न होता नवजात बाळांच्या मृत्यूंचा. रुग्णालय दूर, रस्ता नाही, बाळंतीण आणि बाळ घराबाहेर न पडण्याची रीत. मग उपचारच घरात नेता येईल का? १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून हा प्रयोग झाला. ही गावे गडचिरोलीच्या परिसरातील होती. एटापल्लीच्या दाट जंगलातील नव्हती.

२१/२६
जंतुदोष ओळखायचा कसा? तेथे प्रयोगशाळा नव्हती. जी लक्षणे निवडली गेली, ती घरात दिसणारी होती : हातपाय लुळे पडणे, रडणे क्षीण होणे, पोट फुगणे, छाती आत ओढली जाणे, बाळ थंडगार लागणे. आणि त्यांत एक : आधी नीट पिणारे बाळ आता कमी पिते किंवा पीतच नाही. ‘लेकरू पीत नाही’ हे आईचे वाक्य येथे तक्रार उरले नाही. ते निदानाचे साधन झाले. अशी लक्षणे एकत्र दिसली की आरोग्यदूत आईवडिलांच्या संमतीने घरीच प्रतिजैविक देत असे.

२२/२६
१९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या गावांत आधी दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात दगावत. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी हे प्रमाण २५.५ वर आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांशी ताडून पाहता घट ६२ टक्के. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजातांसाठी गृहभेटींची शिफारस केली. २०११ पासून भारतात आशा कार्यकर्त्यांमार्फत अशी सेवा सुरू झाली. आशांच्या पुस्तिकेत आजही काही लक्षणे ‘आई सांगते की…’ अशा रूपात आहेत. वैद्यकाच्या कागदावर आईच्या वाक्याला मिळालेली ही जागा मोलाची आहे.

२३/२६
या आकड्यांचे महत्त्व कळण्यासाठी दुसरा आकडा पाहावा लागतो : न मोजलेल्या मृत्यूंचा. २००१ साली स्वयंसेवी संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. गावोगावी प्रत्यक्ष नोंद ठेवल्यावर सरकारी दप्तरातील बालमृत्यू वास्तवापेक्षा फार कमी असल्याचे त्यातून पुढे आले. त्यानंतर शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २००४ मध्ये तिचा अहवाल आला. ज्या व्यवस्थेने मेलेले मूल मोजले नाही, तिने न जेवणाऱ्या मुलाच्या आईचे ऐकले असेल, असे मानणे कठीण आहे.

२४/२६
२००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी तीव्र कुपोषणाचे उपचार गावातच करण्याचे धोरण स्वीकारले. त्याच्या केंद्रस्थानी आहे भुकेची चाचणी. शांत जागी आईच्या मांडीवर बसवून मुलापुढे उपचारी अन्न ठेवायचे, वेळ द्यायचा, जबरदस्ती करायची नाही. मुलाने ठरावीक मात्रा खाल्ली आणि अन्य गुंतागुंत नसेल, तर उपचार गावात. नाकारली, तर रुग्णालयात. डेव्हिसबाईंच्या खोलीतील नियम आणि हा नियम एकच : आग्रह नको, निरीक्षण हवे. फरक अर्थाचा आहे. शिकागोत नकार म्हणजे निवड होती. येथे नकार म्हणजे धोक्याची घंटा.

२५/२६
शहरात नेमके उलट घडले. सायप्रोहेप्टाडीन हे मूळचे अॅलर्जीवरचे औषध भारतात भूक वाढवण्यासाठीही दिले जाऊ लागले. टॉनिके आणि चॉकलेटी चूर्णे यांच्या जाहिरातींनी निरोगी मुलाचा नकार हा रोग बनवला. जंगलात मात्र आजारी मुलाचा नकार हे अज्ञान ठरले. दोन्हीकडे डॉक्टरने विचारायचे प्रश्न तेच आहेत : वजन वाढते आहे का? मूल खेळते आहे का? ताप, खोकला, जुलाब आहेत का? ते माती खाते का? मुलांची माती खाण्याची ओढ ही बरेचदा लोहाच्या कमतरतेची खूण असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के मुलांत रक्तक्षय आहे. लोखंडाच्या डोंगराखाली राहूनही त्यातून सुटका नाही.

२६/२६
तेव्हा ‘लेकरू खात नाही’ हे वाक्य ऐकले की त्याचा इतिहास आठवावा. खेळत्या, वाढत्या मुलाबद्दल ते असेल तर आईला धीर द्यावा आणि चमचा खाली ठेवावा. मलूल, वाळत चाललेल्या मुलाबद्दल ते असेल तर एक तासही दवडू नये. आणि समोर तेच ते पीठ असेल, तर दोष पिठाचा मानावा. गा भाषिक स्त्रियांचा शब्द, फक्काचे निरीक्षण करणाऱ्या वैद्याची नजर आणि गडचिरोलीतील मातांची साक्ष यांतून एकच धडा निघतो : मुलाच्या भुकेतला बदल सर्वांत आधी आईला दिसतो. वैद्यकाने तिला शिकवण्याआधी जेव्हा जेव्हा तिला विचारले, तेव्हा तेव्हा मुले वाचली.
(थ्रेड समाप्त)